जू आणि जंक्शन



दौंडच्या फलाटावरील पिवळ्या पाटीवर गावाच्या नावापुढे ‘जंक्शन’ हा शब्द लिहिलेला असतो. पुण्याकडून सोलापूरला जाणारा लोहमार्ग, मनमाडकडे जाणारा मार्ग आणि बारामतीचा फाटा हे येथे एकमेकांना येऊन मिळतात. यांपैकी मनमाडचा मार्ग १८७८ साली सुरू झाला. तेव्हापासून हे गाव जंक्शन झाले, आणि तो इंग्रजी शब्द हमाल, फेरीवाले, शाळकरी मुले अशा सर्वांच्या तोंडी बसला.

शेजारच्या शिरूर गावाला आगगाडी नाही. मात्र घोड नदीच्या काठाने ऊसतोडणीच्या हंगामात फिरलात, तर उसाने लादलेल्या गाड्या आजही दिसतील. त्या गाडीला जुंपलेल्या बैलांच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे, एक आडवे लाकूड असते. मान बाजूला सरकू नये म्हणून त्यात उभ्या शिवळा घातलेल्या असतात आणि मानेखालून पट्टा किंवा दोरी बांधलेली असते. या लाकडाला आपण ‘जू’ म्हणतो. हा शब्द पुस्तकात क्वचित येतो. शहरात वाढलेल्या मुलांना तो ठाऊक नसतो, आणि खेड्यातील मुले तो शाळेत उच्चारताना थोडी चाचरतात. ‘जंक्शन’ म्हणताना कोणी चाचरत नाही.

हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. एक शेतातून आला आणि दुसरा रुळांवरून आला, एवढाच काय तो फरक.

आता हे वाक्य तुम्ही लगेच खरे मानावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. एखाद्याने वर्गात येऊन ‘प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर आहे’ असे सांगितले, तर ‘कशावरून?’ असे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपण विचारतच नाही. उच्चार सारखा वाटला की नाते जोडून मोकळे होतो. ‘इंग्रजीतले निम्मे शब्द संस्कृतातूनच गेले आहेत’ असे कोणी भाषणात सांगितले की टाळ्या पडतात. दुसरीकडे, शब्दांची कुळकथा हा भाषेच्या तासाचा विषय आहे, विज्ञानाशी त्याचा संबंध नाही, असे मानणारेही पुष्कळ आहेत. मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो आणि माझे मत या दोहोंच्या विरुद्ध आहे. शब्दाचे मूळ शोधणे हे निरीक्षण, नियम, अपवाद आणि पडताळा या मार्गाने जाणारे शास्त्र आहे. म्हणून ते विज्ञानाच्या मासिकात यावे आणि विज्ञानाच्या तासालाही यावे.

प्रथम निरीक्षणे पाहू. ‘जू’ या वस्तूला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात, डचमध्ये ‘युक’ आणि जर्मनमध्ये ‘योख’. स्वीडिशमध्ये लिहिताना ‘ओ’ आणि ‘के’ ही दोनच अक्षरे उरली आहेत. चौथ्या शतकात गॉथ लोकांच्या भाषेत बायबलचे भाषांतर झाले, त्यात ‘जोडी’ या अर्थी ‘युक’ असा शब्द आहे, आणि तो बैलांच्याच जोडीसाठी आलेला आहे. या सर्व भाषा जर्मानिक या एका गटातल्या आहेत, तेव्हा त्यांच्यात साम्य असले तर नवल नाही. परंतु गटाबाहेर पाहा. लॅटिनमध्ये ‘युगुम’, ग्रीकमध्ये ‘झुगोन’, लिथुआनियनमध्ये ‘युंगस’, रशियनमध्ये ‘ईगो’ आणि संस्कृतमध्ये ‘युगम्’.

पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्या घरात पाण्याचा ‘जग’ असतो आणि तुम्ही ज्यात राहता तेही ‘जग’च असते. उच्चारात तसूभर फरक नाही, तरीही पहिला शब्द इंग्रजीतून आलेला आहे आणि दुसरा संस्कृत ‘जगत्’पासून झालेला आहे. उलट ‘जू’ आणि ‘योख’ ऐकायला अगदी वेगळे असून नात्याने जवळचे आहेत. कानाने निर्णय घेतला तर दोन्ही वेळा आपण फसू. मग निर्णय घ्यायचा कशाने?

निर्णय नियमाने घ्यायचा. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू तुम्हांला माहीत असतील. त्यांच्यातील थोरला याकोब ग्रिम याने १८२२ साली एक नियम मांडला. त्याची बरीचशी बीजे डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्येच दाखविली होती. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांत जेथे ‘द’ आहे, तेथे इंग्रजीत ‘ट’ येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ. जेथे ‘प’ आहे तेथे ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. आणि जेथे ‘ग’ आहे तेथे ‘क’ येतो: गो आणि काऊ, युग आणि योक. म्हणजे ‘योक’मधला ‘क’ मनाला येईल तसा आलेला नाही. गोठ्यातल्या गाईच्या नावात जो बदल झाला, तोच बैलाच्या जुवाच्या नावात झाला.

याच्या पुढची पायरी जर्मनची. इंग्रजीत स्वरानंतर ‘क’ असेल तर जर्मनमध्ये ‘ख’सारखा घर्षणाचा ध्वनी येतो. बुक आणि बूख, मेक आणि माखेन, तसेच योक आणि योख. स्वीडिशमध्ये आरंभीचा ‘य’ गळाला. पण तो या एकाच शब्दात गळाला नाही. तरुण या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘यंग’ आणि जर्मन ‘युंग’, पण स्वीडिशमध्ये तो ‘उंग’ होतो. एका शब्दासाठी केलेली सबब आणि अनेक शब्दांना लागू पडणारा नियम यांतला हा फरक तुम्ही नीट लक्षात घ्या. प्रयोगवहीत ‘या वेळी काहीतरी चुकले असेल’ असे लिहून सुटका करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो विशेष कळायला हवा.

आता आपल्या घरी येऊ. ‘युग’चे मराठीत ‘जू’ कसे झाले? येथे दोन बदल दिसतात आणि दोन्हींना साक्षीदार आहेत. शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो: यात्रा आणि जत्रा, योगी आणि जोगी, यव आणि जव. आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ग’ झिजून जातो. ‘नगर’चे आधी ‘नयर’ झाले, मग ‘नेर’. शिरूरच्या शेजारच्या पारनेरमध्ये, शिवाय संगमनेर आणि जामनेरमध्ये तुम्हांला तो भेटतो. पाढे म्हणताना ‘बे दुणे चार’ म्हणता ना? ते ‘दुणे’ म्हणजे ‘द्विगुण’. त्यातलाही ‘ग’ असाच गेला. ‘युग’ला हे दोन्ही नियम लावा. ‘य’चा ‘ज’ करा, मधला ‘ग’ काढून टाका, राहिलेले दोन स्वर एकत्र करा, आणि ‘जू’ हातात येते. उदाहरण सोडवून उत्तर पडताळून पाहावे, तसे हे आहे.

त्याच धातूची इतर पिले मराठीत किती आहेत, हे मोजू लागलात तर वहीचे पान अपुरे पडेल. जुंपणे, जोत, जोडी, जुळे, योग, योजना, उद्योग, उपयोग. ज्या खोलीत आपण लिटमस कागद आणि तराजू घेऊन बसतो ती ‘प्रयोग’शाळाही त्यांतलीच. लॅटिनमध्ये याच धातूला एक ‘न’ जोडला जाऊन ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, असे क्रियापद झाले. त्यातून इंग्रजीत ‘जॉइन’, ‘जॉइंट’ आणि ‘जंक्शन’ हे शब्द आले. म्हणजे ‘जू’ आपल्या घरी वाढले. ‘युग’ हा शब्द ग्रंथांतून जसाच्या तसा आपण उचलला. आणि ‘जंक्शन’ युरोपभर हिंडून, तिकीट काढून, दौंडला उतरले.

विज्ञानाचा नियम भाकीत करतो, असे आपण म्हणतो. १८४६ साली नेपच्यून सापडला तो गणिताने दाखविलेल्या जागेजवळच सापडला. असा पडताळा ‘जू’च्या बाबतीतही मिळाला आहे. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी या सर्व भाषांची तुलना करून त्यांच्या मूळ भाषेत हा शब्द ‘युगोम्’च्या जवळपास असावा, असे ठरविले होते. ती मूळ भाषा कोठेही लिहिलेली नाही. हे केवळ अनुमान होते. पुढे तुर्कस्तानात बोआझकॉय येथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवरील हिटाइट भाषा इंडो-युरोपीय कुळातीलच आहे, हे बेद्रिच ह्रोझनी याने १९१५ साली दाखवून दिले. ही भाषा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिली जात होती आणि अनुमान बांधणाऱ्यांना तिचा एक शब्दही ठाऊक नव्हता. तिच्यात जुवाला शब्द निघाला तो ‘युगन’!

मग संस्कृत ही या सर्वांची आई का नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पुष्कळ शिक्षकांच्याही मनात तो असतो. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत बोलताना विल्यम जोन्स याने संस्कृतची मुक्तकंठाने स्तुती केली. पण संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एका समान भाषेत असून ती बहुधा आता अस्तित्वात नसावी, असेही तो म्हणाला. आपण स्तुती लक्षात ठेवली आणि निष्कर्ष विसरलो. त्याचे कारण साधे आहे. संस्कृत ‘दश’ला लॅटिनमध्ये ‘देकेम’ म्हणतात आणि ‘अष्ट’ला ‘ऑक्तो’. संस्कृतात दोन्हीकडे ‘अ’, लॅटिनमध्ये एकीकडे ‘ए’ आणि दुसरीकडे ‘ओ’. समजा लॅटिन संस्कृतातून निघाली; तर कोणत्या ‘अ’चा ‘ए’ करायचा आणि कोणत्याचा ‘ओ’, हे तिला कसे कळले? असा नियम बांधताच येत नाही. उलट मूळ भाषेत ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे होते आणि संस्कृतात ते ‘अ’मध्ये मिसळून गेले, असे मानले की सर्व सुरळीत होते. चहात दूध मिसळता येते, मिसळलेले दूध पुन्हा वेगळे काढता येत नाही. दिशा ठरते ती अशी.

याने संस्कृतचे महत्त्व कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी कार्ल व्हेर्नरची गोष्ट ऐकावी. ग्रिमच्या नियमाला अपवाद होते. ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ या दोन्हींत ‘त’ आहे, पण जर्मनमध्ये एक शब्द ‘फाटर’ होतो आणि दुसरा ‘ब्रूडर’. एकात ‘ट’, दुसऱ्यात ‘ड’. असे का, हे अर्धशतक कोणाला सुटले नाही. १८७७ साली व्हेर्नरने ते कोडे सोडविले. किल्ली वेदातील स्वरांत होती! वेदपाठात ‘पितृ’ शब्दाचा आघात दुसऱ्या अक्षरावर आहे आणि ‘भ्रातृ’चा पहिल्यावर. जर्मन शब्दांतील फरक नेमका त्यानुसार पडला आहे. आपल्या वैदिकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे आघात मुखोद्गत राखले नसते, तर उत्तर युरोपातील भाषांचे गणित अडून राहिले असते. आई म्हणून मिरविण्यापेक्षा हा मान मला मोठा वाटतो. असो.

शब्दांवरून वस्तूंचा काळही थोडाफार कळतो. बैलगाडीकडे पुन्हा पाहा. तिच्या ‘चाका’चे संस्कृत रूप ‘चक्र’. त्याचाच भाऊबंद इंग्रजी ‘व्हील’. चाक ज्यावर फिरते तो ‘आस’ संस्कृत ‘अक्ष’पासून आला, त्याचा इंग्रजी भाऊ ‘ॲक्सल’. मानेवरचे ‘जू’ म्हणजे ‘योक’. इतकेच काय, बैलाला वेदात ‘उक्षन्’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘ऑक्स’. ज्या लोकांची ही मूळ भाषा, त्यांना गाडी जुंपता येत होती, हे यावरून उघड आहे. आणि चाकांच्या वाहनांचे सर्वांत जुने अवशेष इ.स.पूर्व ३५००च्या सुमाराचे मिळतात. तेव्हा या भाषा एकमेकींपासून दुरावल्या त्या त्याच्या फार आधी नव्हे, असा अंदाज करता येतो.

शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले आणि इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्यांचे मुख्य पीक जव हे होते, आणि ते गाईबैल पाळीत. गोदावरीच्या खोऱ्यातील दायमाबादला १९७४ साली ब्राँझचा एक रथ सापडला. त्याला दोन बैल जोडलेले आहेत आणि मागे हाकणारा उभा आहे. तेव्हा जू आपल्या भागात फार जुने आहे, यात शंका नाही. परंतु इनामगावचा शेतकरी त्या लाकडाला ‘युग’ म्हणत असे, असे विधान कोणी केले तर ते मात्र मान्य करू नका. खापरे बोलत नाहीत. वस्तूचा पुरावा वस्तूपुरता, शब्दाचा शब्दापुरता.

आता या दीड अक्षराच्या शब्दाने अर्थाच्या कोठेकोठे उड्या मारल्या, ते गमतीचे आहे. एका जुवाखाली दोन बैल, म्हणून ‘युग’ म्हणजे जोडी. एका जोडीने दिवसभरात नांगरलेली जमीन, म्हणून रोमन लोकांचे ‘युगेरुम’ हे क्षेत्रफळाचे माप झाले, सुमारे पाव हेक्टर. ऑस्ट्रियात ‘योख’ हेच जमिनीचे माप होते. आपल्या शुल्बसूत्रांत ‘युग’ हे लांबीचे माप आहे, ८६ अंगुळे. जर्मनमध्ये दोन शिखरांच्या मधल्या खिंडीलाही ‘योख’ म्हणतात, कारण लांबून ती जोखडासारखी दिसते. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख हे असेच ठिकाण. युरोपातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक तेथे आहे, समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटरवर. ते १९१२ मध्ये सुरू झाले आणि १९३१ साली तेथे संशोधन केंद्र उघडले. विश्वकिरणांच्या अभ्यासात त्याचे नाव मोठे आहे. म्हणजे दौंडप्रमाणे तेही स्टेशन, आणि त्याच्याही नावात जूच! (त्या नावातील ‘युंग’ मात्र आपल्या ‘युवा’चा नातलग आहे, ‘युग’चा नव्हे. पाहा, कान पुन्हा फसवू पाहतो.)

आणि काळाच्या अर्थाचे ‘युग’? वेदांगज्योतिषातील युग पाच वर्षांचे, म्हणजे १,८३० दिवसांचे आहे. तेवढ्यात ६२ चांद्रमास जवळजवळ पूर्ण बसतात आणि सूर्य-चंद्रांची गती पुन्हा जुळते. पुढे ती कल्पना लाखो वर्षांपर्यंत ताणली गेली. आज आपण मोठ्या रुबाबात ‘अणुयुग’ लिहितो, त्याच्या शेपटाशी बैलाच्या मानेवरचे लाकूड आहे.

माझे म्हणणे आता शिक्षकांना उद्देशून. तरफ शिकविताना आपण फळ्यावर कात्री आणि अडकित्ता काढतो. जू का काढत नाही? समजा दोन बैलांच्या मानांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि गाडीची ओढ १,२०० न्यूटन आहे. जू मध्यभागी बांधले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६०० न्यूटन. एक बैल अशक्त असेल तर बांधणी दुसऱ्याकडे १० सेंटिमीटर सरकवा. आता सबळ बैलाची भुजा ५० आणि अशक्ताची ७०. सबळाला ७०० न्यूटन, अशक्ताला ५००. कारण ७०० × ५० आणि ५०० × ७० हे गुणाकार सारखे आहेत. हे ज्याने पाहिले त्याला ‘बलयुग्म’ हा शब्द घोकावा लागणार नाही. त्यातले ‘युग्म’ त्याच्या ओळखीचे असेल. दहावीच्या जीवशास्त्रात ‘झायगोट’ला ‘युग्मनज’ म्हणतात. ‘झायगोट’च्या मुळाशी ग्रीक ‘झुगोन’ आहे, म्हणून ही परिभाषा करणाऱ्यांनी नकळत का होईना, दूरच्या भावांची भेट घडविली. ‘कपल’ला ‘बलयुग्म’ म्हणताना मात्र केवळ अर्थ जुळला आहे. ‘कपल’चे लॅटिन मूळ वेगळे आहे. वर्गात हाही फरक सांगावा. मुलांना तो कळतो. जड परिभाषेबद्दल नेहमी तक्रार होते, ती पुष्कळदा शब्दाची शेतापर्यंतची वाट न दाखविल्यामुळे होते.

ट्रॅक्टर आल्यापासून गावोगावची जुवे माळ्यावर गेली आहेत. काही शर्यतीपुरती खाली येतात, काही पोळ्यापुरती. म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळांनी एक काम हाती घ्यावे. मोजपट्टी घेऊन जुवाची पूर्ण लांबी आणि दोन मानांच्या जागांमधले अंतर मोजा. अंगूळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटरचे धरले, तर शुल्बसूत्रांतील युग दीड मीटर ते एक मीटर बहात्तर सेंटिमीटर होते. त्याच्याशी तुमचे जू ताडून पाहा. नांगराचे, गाडीचे आणि शर्यतीचे जू वेगवेगळे मोजा. चित्र काढून प्रत्येक भागाचे नाव लिहा, सांगणाऱ्याचे गाव आणि वय लिहा, तारीख घाला. माप बैल सोडल्यावर घ्या. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या गाडीवानालाही तेच भाग दाखवून विचारा, आणि त्याचा शब्द तुमच्या आजोबांच्या शब्दाहून वेगळा निघाला तर दोन्ही शेजारी शेजारी नोंदवून ठेवा.